उधळलेले इंजिन

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्यातील एक गाव. माजरीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. आसपास कपाशीची काळी राने आहेत, तशाच कोळशाच्या खाणीही आहेत. रानात ट्रॅक्टर राबतो. खाणीतून अवजड ट्रक कोळसा वाहून नेतात. या दोहोंचे बळ एकच, आणि ते म्हणजे डिझेल इंजिन. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ते यशस्वीपणे चालवून दाखविले.

पेट्रोलच्या इंजिनात विजेच्या ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला इतका दाबतो की, ती अतिशय तापते, आणि तीत डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. डिझेल किती सोडावे, हे ‘गव्हर्नर’ नावाचा भाग ठरवितो. म्हणून वेग ताब्यात राहतो.

परंतु कधी कधी इंजिनाला भलतेच इंधन मिळते. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, म्हणजे वंगणाचे तेल आत शिरते. हवा गाळणाऱ्या भांड्यात खुणेपेक्षा अधिक तेल भरले, तर तेही हवेबरोबर ओढले जाते. मग इंजिन बैलासारखे उधळते. डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. कारण आता ते डिझेलवर चालतच नसते. वेग वाढतच जातो, आणि अखेरीस लोखंडाचे तुकडे उडून माणसांचे प्राण जाऊ शकतात.

यावर मुख्य उपाय म्हणजे हवा तोडणे. हवेवाचून ज्वलन नाही. जाणता कारागीर हवा आत जाण्याच्या तोंडावर जाड, सपाट पत्रा दाबून बसवितो, किंवा तेथे कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक सोडतो. ते तोंड हाताने मात्र कधीही झाकू नये. इंजिनाची ओढ भयंकर असते. चिंधीही लावू नये; ती आत खेचली जाते. चालू यंत्राचा पट्टा काढू नये. ओझे उतरताच वेग अधिकच वाढतो. फिरत्या चाकाच्या रेषेत तर क्षणभरही उभे राहू नये.

मुलांनी अशा वेळी धाडस करू नये. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि जाणत्याला हाक मारावी. इंजिन पुन्हा विकत मिळते. गेलेला हात मिळत नाही.