लखोबाचा युरोपातला भाऊबंद

निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे मराठी माणसाला नव्यानं सांगावा लागत नाही. त्याच्यावरचं आचार्य अत्र्यांचं नाटक 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगभूमीवर आलं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर भराभर वेश बदलून पाच भूमिकांत उभे राहत. लग्नाच्या आमिषानं बायकांना लुबाडणारा हा भामटा भर कोर्टात थंडपणे सगळं नाकारतो.

त्याचा युरोपातला भाऊबंद म्हणजे डॉन जोव्हान्नी. मोझार्टचं याच नावाचं संगीत नाटक १७८७ मध्ये प्रागला पहिल्यांदा झालं. नोकर लेपोरेल्लो मालकानं नादी लावलेल्या बायकांची यादीच गाऊन दाखवतो. एकट्या स्पेनमध्ये १००३! शेवटी, जोव्हान्नीनं ठार केलेल्या सरदाराचा पुतळा जेवायला येतो. पश्चात्ताप करायला नकार देणाऱ्या जोव्हान्नीला नरक गिळतो.

मला मात्र ती यादी ऐकणारी एल्विरा मोठी वाटते. स्वतः फसलेली ही बाई जोव्हान्नीच्या जाळ्यात सापडू लागलेल्या झेर्लिनाला वेळीच सावध करते. अत्र्यांच्या नाटकातही फसलेल्या बायका साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहतात. म्हणूनच आमच्या पुसदला भाचीसाठी स्थळ आलं की मी मुलाच्या गावी जाऊन चार घरी चौकशी करते. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. फसलेलीनं बोलावं आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवावा.