नव्वदाव्या दिवशी पेशंट कुठे असतो?

पक्षाघातावरच्या मोठ्या औषधचाचण्यांचा निकाल बहुतेक वेळा नव्वदाव्या दिवशी लागतो. माणूस जगला का, जगला तर आधाराशिवाय चालतो का, आपलं आपण आवरतो का, हे त्या दिवशी विचारायचं असतं. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा पेशंट भुसावळला दाखल झालेला असो, जळगावला असो की थेट मुंबईला, तोवर तो केव्हाच घरी आलेला असतो. डिस्चार्ज कार्ड पिशवीत, पिशवी खुंटीला. पुढे काय झालं ते सून सांगू शकते, शेजारी सांगू शकतो, आशाताई सांगू शकते. त्याच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टरला मात्र ते ठाऊक नसतं.

तरुण डॉक्टरांना पक्षाघाताचं संशोधन शिकवायचं, तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

नव्वद दिवसांचा हा आग्रह का, ते १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीतून कळतं. एनआयएनडीएस या संस्थेच्या त्या चाचणीत ६२४ रुग्ण होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध झटका आल्यापासून तीन तासांच्या आत दिलं गेलं. पहिल्या टप्प्यात २४ तासांनी पाहिलं, तेव्हा खरं औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात ठरवलेल्या निकषावर ठोस फरक दिसेना. तीन महिन्यांनी मात्र चित्र वेगळं होतं. औषध मिळालेल्यांत जवळपास पूर्ण बरे होण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त निघाली. दुसऱ्याच दिवशी वही मिटली असती, तर आज जगभर दिलं जाणारं हे औषध कदाचित बाद ठरलं असतं. पुढे २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं तीन तासांची मुदत साडेचार तासांवर नेली. वरणगावाहून जळगाव चाळीसेक किलोमीटर. अंतराचा हिशेब त्या मुदतीत सहज बसतो. बसत नाही तो ‘रात्रभर झोपू द्या, सकाळी बघू’ हा हिशेब.

नव्वदाव्या दिवशी विचारायचं काय, तेही शिकावं लागतं. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये एक मोजपट्टी सुचवली. तिचं सुधारलेलं रूप आज सगळीकडे वापरतात. शून्य म्हणजे कसलाही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. दिसायला सोपं, पण एकाच रुग्णाला एक डॉक्टर दोन गुण देतो आणि दुसरा तीन. म्हणून चाचणीत काम करणाऱ्यांना व्हिडिओवर रुग्ण दाखवून सराव देतात, परीक्षा घेतात, प्रमाणपत्र देतात. आता हा प्रश्न खान्देशात विचारून बघा. रावेर-यावलकडचा केळीचा शेतकरी म्हणतो, ‘चालतो की मी.’ पण घड उचलता येत नाही, बांधावर बसून मजुरांना नुसतं सांगावं लागतं. त्याला किती गुण? आणि भाकरी थापताना डावा हात साथ देत नाही, पण ‘मला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या आजींना किती? आजारापूर्वी हा माणूस काय काय करत होता, हे आधी विचारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही शिस्त पुस्तकात वाचून अंगी बाणत नाही. त्यासाठी दहा घरी जाऊन बसावं लागतं.

आपल्याकडे एमडी मेडिसिनच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो आणि पक्षाघात हा त्यातला लाडका विषय. वॉर्डात रुग्ण कायम मिळतात, सीटी स्कॅन झालेला असतो, शंभर केसेस भरतात. वय, बीपी, शुगर, गुठळी की रक्तस्राव, चार तक्ते, दोन रंगीत आलेख. मग बांधणी, सही, ग्रंथालय. विद्यार्थ्याला मी दोष देणार नाही. सलग ड्युट्या करणाऱ्या मुलानं गावोगाव फिरावं कधी? पण असे शंभर प्रबंध एकावर एक ठेवले, तरी वरणगावात वर्षाला किती जणांना पक्षाघात होतो हे त्यातून कळणार नाही. दवाखान्यात जो आलाच नाही, तो त्या प्रबंधात नसतो.

हे न आलेले लोक किती, ते गडचिरोलीनं दाखवलं. अमेरिकेत न्यूरॉलॉजी शिकून परतलेले डॉ. योगेश्वर काळकोंडे तिथे ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय बंग यांच्यासोबत काम करत होते. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतला प्रत्येक मृत्यू त्यांच्या चमूनं नोंदवला आणि घरच्यांशी बोलून कारण शोधलं. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघातानं झालेले निघाले, म्हणजे साधारण सातातला एक. इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. आणि त्यातले ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. मलेरिया आणि बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे कुणाच्या मनात आलं नसतं. मुंबईत त्याआधी, २००५-०६ मध्ये, डॉ. पी. एम. दलाल यांनी दीड लाखांवर वस्तीची अशी पाहणी केली होती. तिथे दर लाखामागे वर्षाला १४५ नवे रुग्ण आढळले आणि २८ दिवसांत जवळपास ३० टक्के दगावले. खान्देशासाठी असा आकडा माझ्या पाहण्यात नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, लोकसंख्येवर आधारलेल्या पक्षाघात नोंदण्या वाराणसी, कटक, तिरुनेलवेली, कछार आणि कोटा इथे उभ्या केल्या. त्या पाचांत महाराष्ट्रातलं एकही ठिकाण नाही.

अमेरिकेनं पक्षाघाताच्या चाचण्यांसाठी २०१३ मध्ये ‘स्ट्रोकनेट’ हे जाळं उभारलं. २५ प्रादेशिक केंद्रं, आणि तरुण संशोधकांना घडवणं हा त्याच्या कामाचाच भाग. आपल्याकडेही ‘इन्स्ट्रक्ट’ नावाचं जाळं आहे. पैसा आयसीएमआरचा, सूत्रं लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून डॉ. जयराज पांडियन यांच्याकडे. त्यांच्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत ३१ केंद्रांवर ४२९८ रुग्ण होते. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज १२ भाषांतून एसएमएस, व्हिडिओ आणि एक पुस्तिका. दुसरा झटका टळावा हा हेतू. पण वर्षभरात झटके काही कमी झाले नाहीत. त्याआधी ‘अटेंड’ चाचणीत १२५० रुग्णांपैकी अर्ध्यांच्या नातेवाइकांना घरीच व्यायाम करून घ्यायला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखीच परिस्थिती.

नवशिक्यांना यशाच्या कथांआधी या दोन चाचण्या शिकवाव्यात, असं मला वाटतं. दोन्ही कल्पना शहाण्या होत्या आणि कुणीही चाचणीशिवायच राबवल्या असत्या. उत्तर ‘नाही’ आलं, आणि ते छापलं गेलं. वरिष्ठांना आवडेल असा निष्कर्ष आधी ठरवून आकडे जमवायची सवय आपल्याकडे कमी नाही. त्यावर यापेक्षा चांगला उतारा मला माहीत नाही.

वरणगावासारखं गाव या कामाला लहान वाटेल, पण तसं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या साधारण एवढ्याच मापाच्या गावात ५२०९ माणसं निवडून वर्षानुवर्षं तपासली गेली. उच्च रक्तदाबाचा पक्षाघाताशी असलेला संबंध आणि हृदयाचे ठोके अनियमित असतील तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हे ज्ञान तिथून आलं. वरणगावात १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. अशा कारखान्यांत कामगारांची ठरावीक वैद्यकीय तपासणी होते, आणि निवृत्तीनंतरही अनेक जण आसपासच राहतात. शिवाय इथला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अंगातलं पाणी आटून पक्षाघात वाढतात का? हा प्रश्न विचारायला भुसावळ परिसराहून योग्य जागा शोधावी लागेल.

मनुष्यबळाची सोयही झालेली आहे. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. आणि २०२१ पासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला जिल्हा आरोग्य यंत्रणेत तीन महिने काढावे लागतात. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. एका तुकडीनं दाखल होताना नोंदवलेले रुग्ण पुढच्या तुकडीनं घरी जाऊन पाहायचे, त्यांनी नोंदवलेले त्यापुढच्या तुकडीनं. त्याला नीतिसमितीची परवानगी, रुग्णाची लेखी संमती, एक रजिस्टर आणि मोटरसायकलचं पेट्रोल लागेल. पेट्रोल सोडलं तर बाकीची व्यवस्था वैद्यकीय महाविद्यालयांत आधीच आहे.