गोष्टीतला पोरगा नायक कधी होतो?

बारामतीला आमच्या वस्तीत दर रविवारी मुले जमतात. कोणी पाढे म्हणते, कोणी गोष्टीची पुस्तके वाचते. मध्यंतरी इंदापूरहून मामाकडे आलेली सातवीतली एक मुलगी ऐतिहासिक कादंबरी मिटून म्हणाली, "काका, घोड्यावर बसणारा पोरगा सरदाराचाच. घोड्याला चारा घालणाऱ्या पोराला नावसुद्धा नाही. तो नायक होतच नाही का?"

आम्ही कचेरीत दिवसभर आकडे जुळविणारी माणसे. पण हा हिशेब काही त्या दिवशी जुळला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

तलवार हाती आली की पोरगा नायक झाला, असे मुलांना वाटते. वास्तविक तलवार वारशाने मिळते, निर्णय वारशाने मिळत नाही. भीती वाटत असताना, किंमत मोजावी लागेल हे ठाऊक असताना, दुसऱ्यासाठी जो पाऊल उचलतो तो नायक.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी पाहा. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. फकिरा हा मांगवाड्यातल्या राणोजीचा पोर. गावासाठी बापाचा जीव गेला, हे ओझे घेऊन तो वाढतो. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा तो धान्य लुटून वाटतो. पण आम्हांला तो मोठा वाटतो शेवटी. सरकार त्याच्या माणसांना डांबून ठेवते, तेव्हा त्यांना सोडविण्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. लुटताना तो शूर असतो, हजर होताना नायक होतो.

असा नायक आपल्या तालुक्यांत सापडेल का? इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी व आकारणी मुंबई इलाख्यात प्रथम सुरू केली ती इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास. तीस वर्षांनी फेरआकारणीत सारा वाढला. सारा रोख भरायचा. पैसा मात्र सावकाराकडे. पुढे कापसाचे भाव पडले आणि कुणबी कर्जात बुडाला. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळले. लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आता समजा, त्या बाजारात आपल्या वाड्यातली तेरा वर्षांची मुलगी आहे. तिला अक्षरे येतात. हे अशक्य नाही. फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ सालीच छापून आला होता, चौदाव्या वर्षी. लोक दप्तर आगीत टाकताहेत. त्यात रोखे आहेत, तशा गरिबाने फेडलेल्या पैशाच्या पावत्याही आहेत. अंगठा उठविणाऱ्याला फरक कळत नाही, तिला कळतो. गप्प राहिली तर शेजारणीची पावती जळेल. वाचून दाखविले तर उद्या पोलीस विचारतील, "कागद कोणी निवडले?" आणि वाड्यातल्या पोरीला अक्षरे येतात हे गावाला सहन होईल का?

ती पुढे होते. हात थरथरतात, तरी वाचते.

अशी गोष्ट लिहिताना एक पथ्य पाळावे. आजचे भाषण तिच्या तोंडी घालू नये. संविधान, समता हे शब्द तिला माहीत नाहीत. तिला माहीत आहे ती शेजारीण आणि तो कागद. एवढ्यावर तिने पाऊल उचलले, म्हणून ती खरी वाटते.

मातापित्यांना आमची विनंती आहे, मुलांना अशी पुस्तके आणून द्या. आणि घरी आजी असेल तर मुलांना तिच्याजवळ बसवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा ती किती वर्षांची होती, हे त्यांना विचारू द्या. तोही आता इतिहासच आहे.

त्या मुलीला आम्ही एक कोरी वही दिली. पुढच्या खेपेला ती घेऊन आली. पहिल्या पानावर नायिकेचे नाव होते. ते तिच्या आजीचे निघाले.