राष्ट्रनेत्यांचा शोध : शालेय विद्यार्थी आणि इंटरनेट

३ जानेवारी, १४ एप्रिल, २३ जुलै, २ ऑक्टोबर. राज्यातील बहुतेक शाळांच्या फलकावर या तारखा दरवर्षी येतात. प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो, दोन-चार विद्यार्थी भाषणे करतात आणि कार्यक्रम संपतो. पूर्वी ही भाषणे गुरुजी लिहून देत व विद्यार्थी ती पाठ करीत. आता घरातील मोबाईलवर नेत्याचे नाव टाकताच तयार भाषण हाती येते. साधन बदलले, परंतु विद्यार्थ्याने स्वतः काही शोधले काय, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेपुरता नाही. चुकलेली जन्मतारीख फारसे नुकसान करीत नाही. पण नेत्याने कधीच न काढलेले उद्गार त्याच्या नावावर खपविले गेले, तर गावातील दोन आळ्यांमध्ये वितुष्ट येऊ शकते. ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारण्याची सवय ज्या मुलाला शाळेत लागते, ते मूल तोच प्रश्न घरी आणि पारावरही विचारते.

प्रश्नापासून आरंभ

‘लोकमान्य टिळकांविषयी माहिती शोधा’ असे सांगितल्यास विद्यार्थी पहिले पान उतरवून काढणार, हे उघड आहे. त्याऐवजी नेमका प्रश्न द्यावा : १९०८ मध्ये टिळकांना कोणत्या आरोपाखाली शिक्षा झाली, ती त्यांनी कोठे भोगली आणि तेथे कोणता ग्रंथ लिहिला? राजद्रोहाचा खटला, मंडालेचा तुरुंग आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ या तिन्ही गोष्टी मग विद्यार्थी स्वतः जुळवितो. शोधताना केवळ नाव न टाकता वर्ष, स्थळ व घटना यांचे शब्द जोडावेत, आणि मराठीबरोबर इंग्रजीतूनही शोध घ्यावा.

साधनांची पारख

इंटरनेटवरील सर्व पाने एका तोलाची नसतात. प्राथमिक परिचयासाठी मराठी विश्वकोश उपयुक्त आहे. विकिपीडियावर कोणालाही लेखन करता येते. म्हणून तेथील मजकुरापेक्षा पानाच्या तळाशी दिलेले संदर्भ आधी पाहावयास शिकवावे. त्यापुढची पायरी मूळ साधनांची. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन व भाषणांचे खंड आज इंटरनेटवर वाचता येतात. महात्मा गांधींच्या संकलित वाङ्मयाचे इंग्रजीतील १०० खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर आहेत. संविधान सभेतील चर्चांचे वृत्तांत तसेच राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरील जुने कागदही उपलब्ध आहेत. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना अशा मूळ कागदाचे एक पान जरी दाखविले, तरी इतिहास कशावरून लिहिला जातो, हे त्यांच्या ध्यानात येते.

दोन वर्षे, एक पदवी

माहितीत विसंगती आढळली की विद्यार्थी गोंधळतो. शिक्षकाने मात्र ती संधी मानावी. डॉ. आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठातील पीएच.डी.चे वर्ष काही ठिकाणी १९१७, तर काही ठिकाणी १९२७ असे आढळते. शोध घेतल्यास उलगडा होतो : प्रबंधाचे काम आधीच झाले होते, तो ग्रंथरूपाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ मध्ये प्रदान करण्यात आली. प्रबंध लिहिणे आणि पदवी मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे कळले की विद्यार्थी तारखेपुढे ‘कशाची?’ असे विचारू लागतो.

वचनांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. जगात घडावासा वाटणारा बदल आधी स्वतःत घडवा, या अर्थाचे सुप्रसिद्ध इंग्रजी वचन गांधीजींच्या नावावर सर्वत्र छापले जाते. त्याच्या जवळ जाणारा विचार त्यांच्या १९१३ मधील लेखनात आहे. ते प्रचलित शब्द मात्र त्यांच्या संकलित वाङ्मयात नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने तर न घडलेली गोष्टही सफाईदार भाषेत सांगू शकतात. म्हणून ग्रंथ, खंड व पृष्ठ सापडेपर्यंत वचन अवतरणचिन्हांत घालू नये, असा वर्गाचा नियमच असावा.

एक संगणक, चाळीस विद्यार्थी

साधने अपुरी असली तरी हा उपक्रम अडत नाही. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटाने वहीत चार रकाने आखावेत : प्रश्न, उत्तर, ते कोठे मिळाले आणि दुसऱ्या कोणत्या साधनाशी ताडून पाहिले. चौथा रकाना रिकामा असेल तर उत्तर अपुरे मानावे. जोडणी मिळत नसेल तेथे शिक्षकांनी आवश्यक पाने आधी उतरवून ठेवावीत. विद्यार्थ्यांनी आपली वैयक्तिक माहिती कोणत्याही संकेतस्थळावर भरू नये, हेही प्रारंभीच सांगावे.

पंचायत सदस्यांनाही यात मोठे कार्य आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ब्रॉडबँड नेण्याचे काम हाती घेण्यात आले. जेथे ही जोडणी चालू आहे, तेथे आठवड्यातून एक दुपार शाळेसाठी राखून ठेवता येईल. गावचे ग्रंथालय ताडून पाहण्यासाठी छापील ग्रंथ देऊ शकेल. एखादा नेता गावी येऊन गेल्याची आठवण वडीलधारी मंडळी सांगत असतील, तर ती टिपून घेऊन तिला कागदोपत्री आधार मिळतो काय, हेही मुलांनी पाहावे.

पुढील जयंतीला एखादा विद्यार्थी व्यासपीठावर दोनच वाक्ये बोलेल, पण ती आपल्याला कोठे मिळाली हेही सांगेल. पाठ केलेल्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा त्या दोन वाक्यांचे मोल अधिक आहे.