हायब्रीड मोटारीच्या देखभालीचा खर्च : वरवंड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील वरवंड हे दौंड तालुक्यातील गाव बागायती उसाचे व ग्रामीण बाजारपेठेचे केंद्र म्हणून परिचित आहे. गेल्या काही वर्षांत महामार्गालगतच्या अशा गावांमध्ये मोटार ही केवळ श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. पुण्यात नोकरीसाठी जाणारा शिक्षक, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कर्मचारी, दूध व भाजीपाल्याच्या व्यवहारासाठी फिरणारा शेतकरी अशा सर्वांच्या दैनंदिन हिशेबात मोटारीचा समावेश झालेला आहे. २०२२ नंतर या हिशेबात हायब्रीड मोटार हा एक नवा पर्याय आला. या पर्यायाचा विचार करताना सामान्यतः एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे 'अॅव्हरेज किती देते?' वर्षानुवर्षे होणाऱ्या सर्व्हिसिंगच्या खर्चाचा विचार मात्र गाडी दारात आल्यानंतर सुरू होतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित खर्चाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटला, तरी त्याचा निम्मा भाग वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या कक्षेत येतो, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

हायब्रीड मोटार म्हणजे काय?

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने ज्या वाहनात चाके फिरविण्याचे काम करतात, त्यास हायब्रीड वाहन म्हणतात. जपानमध्ये टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये 'प्रियस' ही मोटार बाजारात आणली आणि या तंत्राचा व्यापारी प्रसार सुरू झाला. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रीड २००८ मध्ये व प्रियस २०१० मध्ये आली. परंतु आयात गाड्यांची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. खऱ्या अर्थाने मध्यमवर्गापर्यंत हे तंत्र पोहोचले ते २०२२ मध्ये. त्या वर्षी होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती, टोयोटाची हायरायडर व मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा या गाड्या बाजारात आल्या.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१५ पासून मारुतीच्या सियाझ व अर्टिगा या गाड्यांवरही 'हायब्रीड' हा शब्द झळकत होता. त्या सौम्य प्रकारच्या हायब्रीड होत्या. त्यांतील विजेची यंत्रणा इंजिनाला थोडासा हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. देखभालीच्या दृष्टीने अशी गाडी जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखीच असते. प्रस्तुत विवेचन पूर्ण हायब्रीड मोटारींपुरते मर्यादित आहे.

तेल बदलण्यामागील कारणे

हायब्रीड गाडीचे इंजिन कमी चालते, म्हणून तेलही उशिरा बदलले तरी चालेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो तर्काला धरून वाटला तरी बरोबर नाही. इंजिन तेलाचे आयुष्य केवळ किलोमीटरवर अवलंबून नसते. इंजिन पूर्ण तापले म्हणजे तेलात मिसळलेले पाणी व न जळलेले इंधन वाफेच्या रूपाने निघून जाते. हायब्रीड गाडीत इंजिन वारंवार बंद पडते व पुन्हा सुरू होते. शहरातील वाहतुकीत तर ते पुरेसे तापण्याआधीच बंद होते. परिणामी पाणी व इंधन तेलातच राहण्याची शक्यता वाढते आणि तेल पातळ होत जाते.

त्यात इथेनॉलची भर पडलेली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. ज्या उसापासून हे इथेनॉल तयार होते तो वरवंडच्या आसपासच पिकतो, ही गंमत वेगळी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते पाणी शोषून घेते. त्यामुळे गाडीचे मायलेज काहीसे घटते आणि इंजिन थंड राहत असेल तर तेलाची काळजी अधिक घ्यावी लागते. म्हणूनच कंपन्यांनी हायब्रीड गाडीसाठीही सर्वसाधारणपणे '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते' हीच मर्यादा ठेवली आहे. यातील 'एक वर्ष' हा भाग कमी फिरणाऱ्या मालकाच्या सहसा ध्यानात राहत नाही.

दुसरा मुद्दा तेलाच्या प्रतीचा. हायब्रीड इंजिनांना '०डब्ल्यू-१६' किंवा '०डब्ल्यू-२०' अशा अतिशय पातळ, कृत्रिम तेलाची गरज असते. इंजिन दिवसातून शेकडो वेळा सुरू होत असल्याने तेल क्षणार्धात सर्व भागांपर्यंत पोहोचावे, हा यामागील हेतू आहे. ट्रॅक्टर व डिझेल जीप यांच्यासाठी गावातील दुकानात सहज मिळणारे घट्ट तेल येथे उपयोगाचे नाही. कृत्रिम तेल महाग असते. परंतु लागते ते साधारणतः तीन ते चार लिटर. म्हणजेच केवळ तेलामुळे हायब्रीडचे बिल फार वाढते, असे म्हणता येत नाही. बिल वाढते ते अन्य कारणांनी.

बिलाची रचना

अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरचे बिल नीट वाचले असता त्यात तीन थर दिसून येतात. पहिला थर कंपनीच्या वेळापत्रकातील कामांचा असतो : तेल, तेलाचा फिल्टर, निचरा-बोल्टचे वॉशर, एअर फिल्टरची तपासणी, ठरावीक अंतराने ब्रेक ऑईल व कूलंट. दुसरा थर मजुरीचा. 'पहिल्या तीन सर्व्हिसिंग मोफत' या जाहिरातीत मोफत असते ती फक्त मजुरी; तेल व फिल्टरचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात. पहिल्याच वर्षी अनेक मालकांचा भ्रमनिरास होतो तो येथे.

तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा आहे. इंजिन डीकार्बनायझिंग, इंधनात टाकावयाचे रसायन, एसीचे निर्जंतुकीकरण, तळाला लावावयाचा गंजरोधक थर, आतील भागाची पॉलिश अशी कामे यात मोडतात. ही कामे बहुधा कंपनीच्या वेळापत्रकात नसतात, तर सर्व्हिस सल्लागाराच्या शिफारशीत असतात. मूळ तेलबदलाच्या खर्चाइतकीच रक्कम या थरात सहज जमा होऊ शकते. त्यातील प्रत्येक काम निरुपयोगी आहे असे नाही. उसाच्या रानात चिखलातून जाणाऱ्या गाडीला तळाचा गंजरोधक थर देण्यात अर्थ आहे. परंतु दहा हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे डीकार्बनायझिंग करून घेण्यास कोणताही सबळ आधार दिसत नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतील वेळापत्रक आणि हाती पडलेले अंदाजपत्रक शेजारी ठेवून वाचणे, हा यावरील साधा उपाय आहे. या सर्वांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सुट्या भागांपैकी अनेकांवर पूर्वी २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला.

बचतीच्या बाजूही नोंदविल्या पाहिजेत. टोयोटा पद्धतीच्या हायब्रीड गाडीत वेगळा स्टार्टर व अल्टरनेटर नसतो, क्लच प्लेट नसते. वेग कमी करताना विजेची मोटरच जनित्राचे काम करते, त्यामुळे ब्रेक पॅड बराच काळ टिकतात. यवतच्या बाजारातून किंवा लोणी काळभोर-हडपसरच्या कोंडीतून रोज जाणाऱ्या साध्या गाडीचा क्लच व ब्रेक यांवर होणारा खर्च ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बचतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

एका जाळीची गोष्ट

हायब्रीड गाडीची बॅटरी थंड ठेवण्यासाठी अनेक मॉडेलांत पंखा असतो आणि तो प्रवासी बसतात त्या भागातील हवा ओढतो. हवा आत घेणारी जाळी बहुधा मागच्या आसनाच्या बाजूला असते. ती धुळीने तुंबली किंवा तिच्यावर पिशवी, गोधडी, खताची गोणी ठेवली तर बॅटरी तापते. आणि सतत तापणारी बॅटरी लवकर निकामी होते. वरवंड-केडगाव परिसरात गळीत हंगामात उसाची वाहने, गुऱ्हाळांचा धूर व कच्च्या रस्त्यांची धूळ यांचे प्रमाण मोठे असते. पुण्यातील गाडीला पुरेसे ठरणारे वेळापत्रक येथे पुरेसे ठरेलच असे नाही. जाळी साफ करण्यास खर्च जवळजवळ नाही आणि वेळ लागतो तोही थोडा. बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र लाखाच्या हिशेबात जाऊ शकतो. उंदरांचा उपद्रवही असाच. शेतातील वस्तीवर उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडणे हा नेहमीचा अनुभव आहे आणि असे नुकसान सामान्यतः हमीत बसत नाही. हायब्रीड गाडीत उच्च दाबाच्या नारिंगी वायरी असल्याने त्याची दुरुस्ती गावात होत नाही.

हमी, आयोग आणि ग्राहक

टोयोटा, मारुती व होंडा या कंपन्या हायब्रीड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. हमी टिकविण्यासाठी वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिसिंग झाल्याची नोंद महत्त्वाची असते. याच भीतीने मालक अधिकृत केंद्राशी बांधला जातो. 'बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली' हे वाक्य काउंटरवर ऐकावयास मिळते. त्याच्या कायदेशीर बाजूची माहिती मात्र फारशी कोणास नसते.

२०११ मध्ये एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या व्यवहाराची चौकशी केली. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने १४ कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. आदेशामागील तर्क अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस शिकविण्याजोगा आहे. नवी मोटार घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. एकदा मोटार घेतली की तिच्या भागांसाठी व दुरुस्तीसाठी एकच कंपनी उरते. या दुय्यम बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या गाडीपुरती वर्चस्व असलेली ठरते. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना न देणे हा त्या वर्चस्वाचा दुरुपयोग आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही निर्देश दिले. कंपन्यांनी या आदेशाला निरनिराळ्या ठिकाणी आव्हान दिले. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत उल्लंघनाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंडाची गणना विक्रीपश्चात व्यवसायाच्या उलाढालीवर आणली.

अमेरिकेत १९७५ च्या हमीविषयक कायद्याने अशी सक्ती आधीच रोखली होती. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली व मोटारींचा त्यात समावेश केला. दिशा योग्य असली तरी वरवंडच्या मिस्त्रीच्या हाती तपासणीचे उपकरण त्यामुळे आलेले नाही.

वरवंडचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. वाचकाने त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत. साध्या पेट्रोल गाडीचे प्रत्यक्ष मायलेज १६ व हायब्रीडचे २४ किलोमीटर, पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि हायब्रीडची जादा किंमत अडीच लाख रुपये मानली आहे. ग्रँड व्हिटारासाठी कंपनीने जाहीर केलेला आकडा २७.९७ चा होता. तो चाचणीचा आकडा आहे. शिवाय हायब्रीडचा खरा फायदा थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत होतो. वरवंड ते लोणी काळभोर या मोकळ्या महामार्गावर इंजिन बहुतेक वेळ चालूच असते.

वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ३१२.५ लिटर, म्हणजे ३१,२५० रुपये वाचतात. जादा किंमत भरून निघण्यास बरोबर आठ वर्षे लागतात. बॅटरीची हमीही तेव्हाच संपते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आता साध्या गाडीचा मालक हमी संपल्यावर गावातील गॅरेजमध्ये जातो आणि हायब्रीडचा मालक अधिकृत केंद्रातच राहतो, म्हणून वर्षाला सरासरी ३,००० रुपये अधिक लागतात असे मानू. त्यात पुण्यापर्यंत जाण्यायेण्याचे पेट्रोलही आले. बुडालेला एक दिवस धरलेला नाही. बचत २८,२५० रुपयांवर येते आणि कालावधी पावणेनऊ वर्षांच्या पुढे जातो. म्हणजे बॅटरीला संरक्षण नसलेल्या काळात जादा किमतीचा शेवटचा हप्ता वसूल होतो. देखभालीच्या लहान वाटणाऱ्या खर्चाचे महत्त्व येथे आहे.

वर्षाला २५,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हेच गणित पालटते. इंधनाची बचत सुमारे ५२,००० रुपये होते. सर्व्हिसिंग अधिक वेळा करावे लागते म्हणून त्यातून ७,५०० रुपये वजा केले तरी साडेपाच वर्षांच्या थोडे पुढे खर्च निघतो आणि बॅटरीची किलोमीटरची मर्यादा संपण्यास तेव्हा नऊ-दहा महिने बाकी असतात. याउलट ८,००० किलोमीटर फिरणाऱ्या मालकाला देखभालीचा फरक न धरताही पंधरा वर्षे लागतात. खाजगी मोटारीची पहिली नोंदणीही पंधरा वर्षांचीच असते.

गावातील गॅरेजचे स्थान

हायब्रीड गाडीचे तेल बदलणे हे काम स्वरूपाने साधेच आहे. उच्च दाबाच्या यंत्रणेशी त्याचा संबंध येत नाही. योग्य तेल, मूळ फिल्टर व कामाची पावती एवढ्या गोष्टी असल्या तर हमी संपलेल्या गाडीसाठी ते वरवंडमध्ये होण्यास हरकत नाही. टायर, वायपर, केबिन फिल्टर यांचेही तसेच. परंतु एक सावधगिरी अनिवार्य आहे. हायब्रीड गाडी 'रेडी' अवस्थेत असताना पूर्ण शांत असते आणि तिचे इंजिन कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकते. बॉनेट उघडून पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ हात घालणाऱ्या मिस्त्रीला गाडी बंद आहे असेच वाटते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डॅशबोर्डवरील 'रेडी' हा दिवा विझल्याची खात्री करून चावी गाडीपासून दूर ठेवावी लागते. ब्रेक पॅड बदलताना काही मॉडेलांत संगणकीय उपकरणाने ब्रेकची यंत्रणा आधी निष्क्रिय करावी लागते. ते उपकरण नसेल तर काम हाती घेऊ नये. बॅटरी, इन्व्हर्टर व नारिंगी वायरींना प्रशिक्षणाशिवाय स्पर्शही करता कामा नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये इलेक्ट्रिक वाहनाच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता उपलब्ध आहे. तो पूर्ण केलेला मुलगा पुण्याच्या कार्यशाळेत नोकरीला जातो की महामार्गालगत स्वतःचे गॅरेज टाकतो, यावर वरील हिशेबातील ३,००० रुपयांचा आकडा कमी होणे अवलंबून आहे.