खोटं तापमान आणि खरं वजन

विमानाचं दार बंद झाल्यावर थोड्या वेळाने एसीचा आवाज एकदम थांबतो. आपल्यातले बरेचजण मग वर बघून हात फिरवतात, वारा कुठे गेला म्हणून. बिघाड काही नसतो. शेपटीत एपीयू नावाचं एक लहान टर्बाइन असतं. त्याची दाबाची हवा आतापर्यंत एसीला मिळत होती, आता ती इंजिन फिरवायला जाते.

एअरबस ए३२० वरचं सीएफएम५६ इंजिन घेऊ. या हवेने आतला रोटर फिरू लागतो. १६ टक्के वेगाला ठिणगी, २२ टक्क्यांना इंधन. आधीच का नाही सोडत? कारण वारा पुरेसा नसताना आग पेटली, तर पाती थंड ठेवायला काहीच नसतं. ती भाजून निघतात. म्हणून सगळं संगणक करत असला, तरी वैमानिकाची नजर तापमानावर असते. ५० टक्क्यांना स्टार्टर सुटतो.

धावपट्टीवर लिव्हर एका दमात पुढे जात नाहीत. आधी निम्म्यापर्यंत. दोन्ही इंजिनं जुळली की मग पुढे, नाहीतर विमान एका बाजूला ओढलं जाईल.

मग पूर्ण ताकद? बहुतेक वेळा नाही! वजन कमी, धावपट्टी लांब असेल तर वैमानिक संगणकाला चक्क खोटं तापमान सांगतात. बाहेर ३० अंश, सांगायचे ५५. फार गरम हवेत इंजिनाला जोर कमी करावाच लागतो, तेवढाच तो करतं. पाती कमी तापतात, जास्त टिकतात. अशी कपात ठराविक मर्यादेपर्यंतच चालते.

पण हे ५५ येतात कुठून? वजनावरून. आणि इथेच धोका आहे. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४० चं गणितात भरायचं वजन होतं ३६२.९ टन. गणितात पडलं २६२.९. एक आकडा, शंभर टन! इंजिनांनी मागितला तेवढाच जोर दिला. विमान उठेना, शेपूट धावपट्टीवर घासलं. कॅप्टनने लिव्हर शेवटपर्यंत ढकलले, कारण पूर्ण ताकद तिथे शिल्लक होतीच. धावपट्टीपलीकडचा अँटेना तोडून विमान वर गेलं, आणि मेलबर्नलाच परत उतरलं. आत २७५ माणसं होती. कुणालाही इजा झाली नाही.