खलपुरुषाचे बळ

खलपुरुष म्हटला की उग्र मुद्रेचा, शस्त्र परजणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीतील शंकरमामंजी मात्र तसे नाहीत. त्यांच्या हाती शस्त्र नाही. पाठीशी आहे ती रूढी.

ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. तीत यमू आपली जीवनकहाणी स्वतः सांगते. विवाहानंतर ती पती रघुनाथराव यांच्याबरोबर मुंबईस येते. त्या काळी गिरगावात, फणसवाडीसारख्या वाड्यांतून, पुण्याहून व कोकणातून आलेली अनेक कुटुंबे बिऱ्हाड थाटून राहत. वडीलधाऱ्यांचा धाक तेथे थोडा सैल होई. मुंबईच्या वास्तव्यात यमूला शिकता येते, मोकळेपणाने बोलता येते. परंतु पतीच्या अकाली निधनाने हे सुख सरते आणि ती पुन्हा सासरच्या सत्तेखाली येते.

शंकरमामंजींचे खरे रूप येथे उघडे पडते. मुखी धर्म आणि अंतरी निष्ठुरता, असा त्यांचा स्वभाव आहे. यमूच्या इच्छेविरुद्ध ते तिचे केशवपन घडवून आणतात. तिच्या आक्रोशाने त्यांचे मन द्रवत नाही. कारण आपण घराण्याची अब्रू राखीत आहो, असे त्यांना जगास सांगता येते. ढोंगाला प्रतिष्ठेचे वस्त्र मिळाले, की ते असे निर्भय होते.

त्या काळी विरोधाचे सूर उमटले नव्हते, असे नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मुभा मिळाली होती. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा ठरावही केला होता. परंतु सभेतील ठराव घराच्या उंबरठ्याबाहेरच राहिला, तर आतील अबलेला त्याचा काय उपयोग?

शंकरमामंजी राक्षस असते, तर त्यांना दोष देऊन वाचक मोकळा झाला असता. आपट्यांनी त्यांना चारचौघांत मानाने वावरणारा गृहस्थ केले, यातच या पात्राचे मर्म आहे. अशा माणसाचे निम्मे बळ त्याच्या दुष्टपणात असते. उरलेले निम्मे, पाहूनही गप्प बसणाऱ्यांनी त्याला दिलेले असते. म्हणूनच कादंबरीच्या नावातील प्रश्न मामंजींना विचारलेला नाही. तो आपल्याला विचारलेला आहे.